बाबांची दुर्बीण

निवृत्त झाल्यावर बाबांनी नेमबाजी शिकायला घेतली. महिनाभरातच त्यांना रायफलवर बसवायला दुर्बीण हवीशी झाली आणि ते मला दुकानात घेऊन गेले. आई तुटलेली चप्पल शिवून घ्यायला समोरच्या चांभाराकडे थांबली.

"सगळ्यात जास्त पॉवरची दाखवा," बाबा ऐटीत म्हणाले.

"काका, नवीन आहात, कमी पॉवरची घ्या. मोठीत हाताची थरथरही मोठी दिसते," दुकानदार म्हणाला.

बाबा कुणाचं ऐकतील तर शपथ! शेवटी दुकानदाराने दोन सुट्या दुर्बिणी काढून दिल्या. "दारातून बघा आणि तुम्हीच ठरवा."

बाबांनी मोठी डोळ्याला लावली. "नुसता कान दिसतोय कुणाचा तरी. तोही नाचतोय."

मग छोटी लावली आणि एकदम पुढे वाकले. मी बाहेर पाहिलं. आई एक पाय अनवाणी, भिंतीला टेकून उभी होती आणि चांभाराच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसत होती.

"अगं, ही अशी हसते?" बाबा हळूच म्हणाले. "लग्न झालं तेव्हा अशीच हसायची."

बराच वेळ त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. मग तीच बांधून घेतली.

नेमबाजीत बाबांना बक्षीस कधीच मिळालं नाही. पण पुढची कितीतरी वर्षं दर रविवारी ते आईलाही सरावाला नेत. घरी येताना जिन्यातच दोघांचं हसू ऐकू यायचं, आणि मी आधीच दार उघडून ठेवायची.