दुसरी बॅटरी

प्रफुल्लला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती: आपल्या जीपमधला टेप एकदा पूर्ण आवाजात ऐकायचा. तुम्हाला ही गोष्ट फालतू वाटेल. वाटू द्या. माणसाला काय हवंसं वाटावं याचा भाव अजून सरकारनं बांधून दिलेला नाही, आणि कापसाचा जो बांधून दिला होता त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच.

राळेगाव ते कळंब त्याची काळीपिवळी जीप चालायची. हौसेनं त्यानं तीत मोठा ॲम्प्लिफायर घेतला आणि मागच्या सीटखाली पेटी ठोकली. पेटीत परातीएवढा स्पीकर. पहिल्याच दिवशी गाणं लावलं, तर ढोलाच्या दर ठोक्याला हेडलाइट डोळे मिचकावायला लागले. कळंबच्या स्टँडवर गाडी बंद करून शायनिंग मारता मारता बॅटरी बसली. सवाऱ्यांनी खाली उतरून धक्का दिला. त्यात सोनीबाई नावाची म्हातारी होती. धाप टाकत ती म्हणाली, "बापू, बैल बरे. ते गाने म्हनत नाई, पन चालतात तं."

हे प्रफुल्लला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जीप तडक वणीला नेली, पूनमसिंगकडे. पूनमसिंग कोळशाच्या ट्रकांचं वायरिंग करायचा आणि गिऱ्हाइकाला झापल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. बॉनेट उघडून तो म्हणाला, "बकरीले नांगराले जुंपलं गा तू. उभ्या गाडीत डायनामा निजून राह्यते, मंग टेप बॅटरी खाते. आधी करंटाचं पाहा, मंग आवाजाचं."

त्यानं मोठा डायनामा बसवला. बॅटरीपासून थेट ॲम्प्लिफायरपर्यंत बोटाएवढी तांब्याची वायर ओढली, तिच्या तोंडाशी फ्यूज टाकला, चेसिसचा रंग खरवडून अर्थिंगची वायर घट्ट केली. आणि सीटखाली टेपसाठी दुसरी बॅटरी ठेवली. दोघींच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू असलं की दोन्ही भरणार, बंद केलं की दोघी वेगळ्या.

"आता टेपनं दुसरी बॅटरी चाटूनपुसून खाल्ली तरी पह्यलीले काई होत नाई," पूनमसिंग म्हणाला. "गाडी सुरू होईनच. आन पेटीत कापूस भरजो, आवाज गोल येते."

कापसाची घरी काय कमी? खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं नाक मुरडून परत पाठवलेला ढीग ओसरीतच पडला होता. प्रफुल्लनं पेटी ठासून भरली. त्याचा बाप उकंडा बाजेवरून बघत होता. "चला," तो म्हणाला, "याले कोनी तं ग्रेड न पाह्यता घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लनं स्टँडवर ज्याला त्याला धरून सांगितलं, की आता आपली गाडी बसत नाही, कितीही वाजवा. हीच त्याची चूक. माणसानं आपल्या घरात काय शिल्लक आहे हे असं गावभर सांगू नये.

संध्याकाळी तो गावात शिरला. विजेची लाइन नेहमीसारखी गेलेली. चौकात जीप उभी करून त्यानं टेपच्या बटणाकडे हात नेला, तोच शेजारचा रामधन सायकल घेऊन हजर. "प्रफुल्ल, ते दुसरी बॅटरी दे ना गा. मॅच हाये."

"आन गाडी बसली तं?"

"कायले बसते? तूच तं सांगतलं सकाळी."

प्रफुल्लनं पाना काढला. रामधननं बॅटरी कॅरिअरला बांधून नेली, आणि अर्ध्या गावानं त्याच्या ओट्यावर मॅच पाहिली.

मग रीतच पडली. बॅटरी दिवसभर जीपमध्ये भरायची आणि संध्याकाळी गावात वाटली जायची. कुणाचं मोबाइलचं चार्जिंग, कुणाच्या मांडवातला दिवा, तर कधी नर्सबाई बाळंतपणाला बोलवायच्या. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? पूनमसिंगनं काम चोख केलं होतं, गाडी रोज सकाळी एका चावीत सुरू व्हायची. एकदा त्यानं भर दुपारी उभ्या गाडीत थोडा टेप वाजवून पाहिला, तर संध्याकाळी ऐन रंगात आलेली मॅच विझली. गाव त्याच्याशी आठवडाभर नीट बोललं नाही. पुन्हा त्यानं बटणाला हात लावला नाही.

एका पुढाऱ्यानं त्याच बॅटरीवर माइक लावून लोडशेडिंगवर तासभर भाषण केलं. शहरातून टीव्हीवाले आले, त्यांना गावातला अंधार दाखवायचा होता. त्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली, तीही हिच्यावरच चार्ज झाली. प्रफुल्ल तोंडानं "घ्या ना" म्हणायचा आणि आतून जळायचा.

पण नाव झालं. गरीब पोरगं, साधं पोरगं. कळंबकडची दीपा सांगून आली तेव्हा तिच्या वडलांनी चौकशी केली आणि खूश होऊन म्हणाले, "एवढा मोठा टेप हाये, पन पोराचा आवाज नाई. पोरगी द्याले हरकत नाई." प्रफुल्ल खाली मान घालून बसला. त्याच्या मनात दुसरंच ठरलं होतं. लग्न लागलं की नवरीला घेऊन येताना रस्ता आपला, इंजिन चालू, मागायला कुणी नाही. तेव्हा वाजवायचा.

लग्नात ऐन वंदनेच्या वेळी लाइन गेली. सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. भंतेजींनी पंचशील दिलं ते त्याच्याच बॅटरीवरच्या माइकवर.

निघताना त्यानं बॅटरी स्वतः जोडली आणि स्टिअरिंगही कुणाला दिलं नाही. शेजारी पांढऱ्या साडीतली दीपा, मागे त्याची आई तुळसाबाई. दिवेलागण झाली होती. कळंब मागे पडलं तशी दीपा हळूच म्हणाली, "तो टेप लावा ना. मी त्याच्यासाठीच हो म्हनलं. बाबाले नका सांगू."

प्रफुल्लला इतका आनंद झाला की गिअर चुकला. त्यानं बटण दाबलं, आवाज पूर्ण फिरवला. हेडलाइट जरासुद्धा मिचकले नाहीत. आणि सीटखालून वाळल्या तुरीच्या शेंगा तुडवल्यासारखी खरखर आली, बस.

गाडी थांबवून त्यानं पेटी उघडली. स्पीकरची नुसती कड उरली होती. कापसात उंदरीण बसली होती, पोटाशी गुलाबी पिल्लं घेऊन. प्रफुल्लनं हात घातला, तर तुळसाबाईनं धरला. "राहू दे. बाळंतीन हाये. आजच्या दिवशी कोनाले घराबाहेर काढू नोको."

त्यानं पेटी लावली आणि गाडी सुरू केली. त्याला खरंच रडायला येत होतं.

गावात अंधार होता. चौकात रामधन सायकल धरून उभा. "या वयनीबाई," तो म्हणाला. "प्रफुल्ल, बॅटरी आणली ना गा?"

प्रफुल्लनं पाना घेतला आणि मुकाट्यानं बॅटरी सोडून दिली. "लग्नाच्या दिवशीसुद्धा," कुणीतरी कौतुकानं म्हणालं. रामधनची सायकल दिसेनाशी होईपर्यंत दीपा तिच्याकडे पाहत होती.

"उद्या वणीले जाऊ," मग ती म्हणाली. "नवा स्पीकर आनू. आन त्या मिस्त्रीले म्हना, हे दुसरी बॅटरी काढून टाक."

"काहून? टेप लावला का गाडी बसंन."

"बसू द्या ना," दीपा म्हणाली. "मंग कोनी मागतलं तं नाई म्हनता येईन."