फरशीवाल्याची गोधडी

कपाटावरचं चिंध्यांचं गाठोडं काढताना मी स्टुलावरून पडले आणि उजवा हात मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली होती ती तीनच आठवड्यांनी, आणि तिच्यासोबत माझी गोधडी जायची होती. मी घरभर येरझारा घालायला लागले.

"अगं, बस की जरा. फरशी झिजेल," आमचे हे म्हणाले. यांनी जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हाच थांबले. फरशीची काळजी यांना नाही तर कोणाला असणार!

"तुम्हाला बोलायला काय जातंय? गोधडी कोण करणार?"

"मी करतो."

मी फिदीफिदी हसले. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर मिस्त्री पलंगावर चिंध्या पसरून, कानावर पेन्सिल खोचून, टेप आणि काटकोन बघायचा गुण्या घेऊन बसलेले.

मी कधी मोजत नाही. कोणाच्या फ्रॉकचा घेर, कोणाच्या शर्टाची बाही, सगळं समोर टाकायचं आणि डोळे बारीक करून बघत राहायचं. एका निळ्याशेजारी दुसरा निळा ठेवला की पहिला हिरवट दिसायला लागतो. तोच उचलून तपकिरीजवळ नेला की एकदम जागा होतो. असा एखादा तुकडा जागा झाला की मला जे वाटतं, ते संसारात दुसऱ्या कशानंच वाटलेलं नाही. हे मी यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

आता मी खुर्चीत आणि हे पलंगावर. "वीतभराचे चौकोन कापा. तो पिवळा वर घ्या. वर! तुमचं वर नाही, माझं वर."

दोन दिवस हे मुकाट ऐकत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थांब गं जरा," आणि डोळे बारीक केले. मग माझा पिवळा काढून तिथं चौकड्याच्या शर्टाचा तुकडा ठेवला. तो तिथं शोभत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर यांना काही धरबंधच राहिला नाही. चहाआधी उठून तुकडे हलवायचे. दात घासताघासता तोंडात फेस तसाच ठेवून बाहेर यायचे, दोन तुकड्यांची अदलाबदल करायचे आणि परत मोरीत जायचे. ही खाज मला ओळखीची होती. ती माझी होती, आणि मी प्लास्टर मांडीवर घेऊन नुसती चुळबुळत बसले होते.

सगळे तुकडे मशीनवर जोडून झाले आणि गोधडी भरली रुंदीला वीतभर कमी. मिस्त्रींनी चौकोन कापले होते ते अगदी काटेकोर वीतभराचे. शिवणीत दोन्हीकडून कापड आत जातं, हे यांच्या गावीही नव्हतं. फरशी थोडीच शेजारच्या फरशीत घुसते! मी स्वतः अंदाजानं जास्तीचं कापते, त्यामुळे हे सांगावं लागतं हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. लांबीही घटली होती, पण लेक माझ्यासारखीच बुटकी, त्याचं काही अडणार नव्हतं. यांचा चेहरा एवढासा झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"कडेला एक पट्टी जोडा म्हणजे झालं," मी मोठेपणा दाखवत म्हणाले आणि लेकीबरोबर हात दाखवायला दवाखान्यात गेले.

परत येऊन बघते तर यांनी गोधडी मधोमध उसवून तिथं जुन्या लाल पडद्याची वीतभर पट्टी घातलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत भडक लाल!

"कमी पडलेलं कडेला लपवलं की चोरी दिसते," हे म्हणाले. "फरशी कमी पडली तर वेगळ्या रंगाचा पट्टा खोलीच्या मधोमध घ्यायचा. मालकाला वाटतं, मुद्दामच केलंय."

"बाबा, काय भारी दिसतंय!" लेक ओरडली.

माझ्या गोधड्यांना ती आजवर 'उबदार आहे' म्हणत आली होती.

लेक निघायला चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी खाली जुन्या चादरी घालून टाके घालायला घ्यायचे होते. त्या दिवशी सकाळी बापलेक बॅग आणायला बाहेर पडले आणि मी दाराला कडी घातली. डाव्या हातात कात्री धरून लाल पट्टीच्या दोन्ही शिवणी उसवल्या. घामाघूम झाले. पट्टी उजव्या कडेला लावून पाहिली, मग डाव्या. दारात जाऊन पाहिलं, खिडकीशी जाऊन पाहिलं. निळे, पिवळे, चौकडे सगळे जिथल्या तिथं होते, पण एकही जागा नव्हता. गोधडी माझ्या आजवरच्या सगळ्या गोधड्यांसारखी दिसत होती.

पट्टी मधे ठेवली. सगळे तुकडे जागे झाले, पण आता ती परत शिवणं माझ्या हातात नव्हतं.

दार वाजलं. वाटेत मैत्रीण भेटली म्हणून लेक मागे राहिली होती, हे एकटेच आले. यांनी पलंगावरचे दोन भाग पाहिले, माझ्या प्लास्टरला चिकटलेले लाल दोरे पाहिले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. हे गुडघा धरत मशीनपाशी बसले आणि चष्मा लावला.

"कुठं लावायची, सांग."

"मधोमध."

"मग उसवलीस कशाला?"

"मला सुचली नव्हती म्हणून," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "इतकी वर्षं करतेय, पण मला कधीच सुचली नसती."

यांनी पट्टीचं एक टोक माझ्या डाव्या हातात दिलं आणि मशीन सुरू केलं.