शेव्हेलचा वरचा पाइप

रॉय्स टिलरीला नावं ठेवायला कुठेच जागा नव्हती. नॉर्ब वाइकेलची त्याच्याविषयी मुख्य तक्रार हीच होती.

ओहायोतल्या हार्लन क्रीक गावात दोघांची घरं समोरासमोर. नॉर्ब टायरच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, रॉय्स दातांचा डॉक्टर. दोघांकडे १९७० सालची शेव्हेल मोटार, तेच अजस्र इंजिन, तोच लाल रंग. नॉर्बने आधी घेतली होती आणि हे तो भेटेल त्याला सांगे. पण रॉय्सही सांगे, "नॉर्बची बघूनच मी घेतली." म्हणजे त्यातही मोठेपणा रॉय्सच्याच पदरात.

दर ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या क्लबची स्पर्धा भरे. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती, हुबेहूब तशी हवी. मर्ल ओस्टरमन नावाचा मुख्य परीक्षक टॉर्च आणि दांडीला लावलेला आरसा घेऊन गाडीखाली सरपटे. नॉर्बच्या गाडीत त्याला एकच खोट सापडे: रेडिएटरचा वरचा पाइप. तो हल्लीचा, दुकानातून आणलेला होता. एक गुण जाई. रॉय्सचा पाइप मात्र अस्सल, कंपनीच्या पांढऱ्या आकड्यांसकट. भंगारवाल्याची अक्कलदाढ काढली, तर त्याने पाइप फुकट आणून दिला. नॉर्बलाही दात होते, पण ते बघून कधी कुणाला काही द्यावंसं वाटलं नव्हतं.

रॉय्सच्या पाइपवर तारीख होती फेब्रुवारीची आणि गाडी होती जुलैची. एवढा जुना पाइप कारखान्यात पडून राहिला नसता, म्हणून मर्ल त्याचा अर्धा गुण कापी. नॉर्बचा एक, रॉय्सचा अर्धा. त्यामुळे वर्षानुवर्षं रॉय्स पहिला आणि नॉर्ब दुसरा.

मे महिन्यात जुन्या सुट्या भागांचा बाजार भरला. सायलेन्सरच्या ढिगाखाली नॉर्बला पाइपचं टोक दिसलं. आकडे बघितले, बरोबर! पाइप न वापरलेला, वरची कागदी पट्टीसुद्धा शाबूत. तो उलटून दुसऱ्या बाजूची तारीख बघणार तोच दोन टेबलं पलीकडे रॉय्सची गवती टोपी दिसली. नॉर्बने पाइप कोटाच्या आत सारला, विक्रेत्याच्या हातात नोटा कोंबल्या आणि पोटदुखी झाल्यासारखा वाकून गाडीकडे निघाला.

घरी आल्यावर तो पाइप त्याने जेवणाच्या टेबलावर मांडला. बायको लोइस चष्मा लावून वाचू लागली.

"जून सत्तर. नॉर्ब, आपली गाडी कधीची रे?"

"मार्चची."

"मग मार्चच्या गाडीत जूनचा पाइप कसा चालेल?"

नॉर्बने तारीख स्वतः वाचून पाहिली. गाडी जन्मल्यावर तीन महिन्यांनी तयार झालेला पाइप तिच्यात घालणं म्हणजे मर्लच्या हातात आयतं कोलीत देणं.

"तिथेच वाचायचं ना," लोइस म्हणाली.

"घाई होती."

"कसली?"

रॉय्सच्या टोपीची, हे काही सांगण्यासारखं कारण नव्हतं. पण खरी मेख नॉर्बच्या लक्षात पुढच्या क्षणी आली. जूनचा पाइप जुलैच्या गाडीला चपखल बसतो. बाजार पालथा घालून, कोटात लपवून, त्याने घरी आणला होता तो रॉय्सचा पाइप.

पुढच्याच रविवारी रॉय्स घरची स्ट्रॉबेरी घेऊन दारात हजर. लोइसने टपालपेटीपाशी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"अरे नॉर्ब, नशीब म्हणतात ते हेच! माझा फेब्रुवारीचा पाइप तुझ्या मार्चच्या गाडीला, तुझा जूनचा माझ्या जुलैच्या. बदलून टाकू. दोघांचेही गुण पूर्ण!"

नॉर्बने हिशेब केला. दोघांचे गुण पूर्ण, म्हणजे दोघंही पहिले. एकाच पायरीवर रॉय्सच्या शेजारी उभं राहायचं, आणि तो खांद्यावर हात टाकणार. दरवर्षी दुसरं येणं यापेक्षा सोसण्यासारखं होतं.

"विकला," नॉर्ब म्हणाला.

"विकला? कधी?"

"काल. कॅनडाच्या माणसाला. मॅनिटोबाचा होता."

"नाव काय त्याचं? मी फोन करतो."

"फोन वापरत नाही तो," नॉर्ब म्हणाला. "धर्माचं काहीतरी आहे."

स्ट्रॉबेरी धुता धुता लोइसने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नळाकडे तोंड केलं.

रॉय्स कधीही गॅरेजमध्ये डोकावेल, या धास्तीने नॉर्बने दुपारीच करवत काढली. तीस वर्षं टायर केलेल्या हातांना रबराची जात कळते. हे रबर अजून मऊ होतं, जिवंत होतं. त्याने चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात कॉफीच्या चोथ्याखाली पुरले. मग हात धुऊन स्ट्रॉबेरी खायला बसला. स्ट्रॉबेरी अतिशय गोड होती. त्याचाही त्याला राग आला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रॉय्स पुन्हा आला. हातात पाइप.

"हा घे. तुझ्या गाडीला बसव."

"आणि तुझ्या?"

"दुकानातून आणला एक. माझ्या गाडीला तसाही हा कधी पुरता शोभलाच नाही. तुझ्या गाडीचा आहे तो, उगाच माझ्याकडे अडकून पडलाय. बाजारात तुझ्या तोंडचा घास तारखेने काढून घेतला, मला फार वाईट वाटलं रे."

"बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही," नॉर्ब म्हणाला. यातला शब्दन् शब्द खरा होता.

"लेका, शेजाऱ्याकडे कोण मागतं?"

नाही म्हणावं, तर पहिला नंबर हातचा जातो. नॉर्बने पाइप घेतला.

स्पर्धेच्या दिवशी मर्लचा आरसा नॉर्बच्या इंजिनावरून फिरला, वरच्या पाइपपाशी थांबला आणि पुढे सरकला. काही न लिहिता! नॉर्ब पहिला आला. रॉय्स अर्ध्या नाही, पुऱ्या एका गुणाने मागे. नॉर्बने करंडक उचलला, लोक टाळ्या वाजवू लागले, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं की जग व्यवस्थित चाललं आहे.

एवढ्यात मर्लने पुन्हा माइक घेतला.

"मंडळी, बसा जरा. आपल्या क्लबात आजवर असं झालेलं नाही. काल लोइसकडून कळलं, एका माणसाने आपल्या गाडीचा अस्सल पाइप काढून प्रतिस्पर्ध्याला दिला, आणि स्वतः मागे पडला. त्याच्यासाठी कमिटीने रातोरात एक वेगळी, मानाची पाटी करून घेतली आहे. मोठ्या मनाचा सभासद, रॉय्स टिलरी!"

लोक उभे राहिले. करंडकाच्या वेळी एकही उठला नव्हता. डोनट तळणाऱ्या बायका झारा हातात घेऊन बाहेर आल्या. लोइस रुमालाने डोळे टिपत होती. वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याने नॉर्बला हाताने जरासं बाजूला केलं.

रॉय्स पाटी घेऊन थेट नॉर्बकडे आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"ही खरं तर तुझीच. फार बरं वाटलं तुला वर बघून."

नॉर्बने त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. टॉर्च आणि आरसा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता.

गर्दी पांगल्यावर मर्ल टॉर्च पेटीत ठेवत होता. नॉर्ब करंडक काखेत मारून त्याच्यापाशी गेला.

"मर्ल, ती मोठ्या मनाची पाटी. पुढल्या वर्षी पण असणार?"

"असेल. का रे?"

"काही नाही. ती किती गुणांवर देतात?"

"त्याला गुण नसतात, नॉर्ब. ते आपोआप दिसतं."

नॉर्बने मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसला नाही. नियम असणारच. फक्त ते रॉय्सला आधी कळले होते.