दोरीचे ढोल

"काका, पाच मिनिटं एका जागी बसा ना," चैत्राली म्हणाली.

विष्णू व्हॅनच्या उघड्या दारात टेकला आणि दोन मिनिटांत पुन्हा उठला. बारा ढोल डांबरावर ओळीने उभे करून ठेवले होते. पहिल्या ढोलाच्या दोऱ्यांवरून त्याने अंगठा फिरवला, मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याची एक गाठ त्याला सैल वाटली. ती सैल नव्हती, तरी त्याने ती ओढली.

अल्बर्ट ली हे अमेरिकेतलं गाव मिनियापोलिस आणि डी मॉइनच्या मधे, हायवेला लागून आहे. बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाचं पार्किंग त्यांना रविवारी संध्याकाळी सातपर्यंत वापरायला मिळालं होतं. एप्रिल संपत आला होता, पण वारा अजून कान कापत होता. पार्किंगच्या कडेला हिवाळ्यात गाडीने लोटलेला बर्फ काळा पडून तसाच साचला होता.

"दहाला येतो म्हणाले होते," विष्णू म्हणाला.

"दहाला पाच आहेत, काका. आणि त्यांना सव्वादोन तास लागतात."

विष्णू चालत पार्किंगच्या तोंडापर्यंत गेला, रस्ता बघितला आणि परत आला.

त्यांचं 'सरोवर' पथक मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीचं. एके काळी त्यात चाळीस जण वाजवायचे. मग कुणाची नोकरी गेली, कुणी टेक्सासला गेलं, मुलं कॉलेजला गेली. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत रत्ना गेली. रत्ना म्हणजे विष्णूची बायको. पथक तिनंच उभं केलं होतं आणि पुढे ताशा तीच धरायची. आता चौदा जण उरले होते. डी मॉइनचं 'निनाद' पथकही आटून पंधरावर आलं होतं. जूनमध्ये होणाऱ्या मराठी मेळ्याचे आयोजक म्हणाले होते, पंचवीस वादक आणा, नाहीतर या वर्षी आम्ही डीजे लावतो. म्हणून दोन्ही पथकं एक करायची ठरलं. नाव, फेट्याचा रंग, ठेका, सगळ्यावर फोन झाले होते. एकच गोष्ट राहिली होती. निनादचे ढोल नट-बोल्टचे, पान्याने आवळायचे. सरोवरचे दोरीचे. केदार, म्हणजे निनादचा प्रमुख, त्यानं लिहिलं होतं की एका पथकात एकाच जातीचे ढोल असावेत आणि ते एकाच ठिकाणी राहावेत. रत्नानंतर सरोवर सांभाळणाऱ्या चैत्रालीनं उलट लिहिलं होतं की आधी एकत्र वाजवून बघू, मग ठरवू.

ते आज ठरणार होतं. आणि सरोवरचे ढोल विष्णूच्या गॅरेजमध्ये राहत होते.

दर शनिवारी दहाला कुणी ना कुणी त्या गॅरेजमध्ये यायचं. दोऱ्या बघायच्या, टिपरं घासायची, चहा प्यायचा. विष्णूला स्वतःला वाजवता येत नव्हतं. तो सव्वीस वर्षं मेडिकल उपकरणांच्या कंपनीत तपासणी विभागात होता, आणि पथकात त्याचं काम एवढंच, दोऱ्या. पण रत्ना गेल्यावर आठवड्यातून एकदा घरात माणसांचा आवाज व्हायचा तो त्या ढोलांमुळे. ढोल गेले तर कोण कशाला येईल? तो हे कुणाला बोलला नव्हता. चैत्रालीला न बोलताच कळलं असावं.

दहा वाजून वीस मिनिटांनी निनादचा ट्रेलर वळून आत आला. केदार उतरला. चाळिशीचा, दाढीवाला, हातात कॉफीचा कप.

"काय हो, सरोवरवाले, तळी वितळली की नाही अजून?"

"वितळली. तुमच्या डी मॉइनचा मका पेरून झाला का?" चैत्राली म्हणाली.

"मक्याला नावं ठेवू नका. मका कधी पोलिसांना फोन करत नाही. तुमच्याकडे तर दर सरावाला गाडी येते म्हणे."

"एकदाच आली होती. आणि तो पोलीस शेवटी दोन तास थांबून ऐकत बसला."

"नाव काय ठरलं मग? सरोवर-निनाद? लग्नानंतर दोन आडनावं लावल्यासारखं वाटतंय, यार."

सगळे हसले. विष्णू हसला नाही. तो केदारच्या ट्रेलरमधून उतरणारे ढोल बघत होता. स्टीलच्या कड्या, एकसारखे चकाकणारे नट. सोळा ढोल सोळा मिनिटांत तयार झाले. त्याला एका ढोलाला अर्धा तास लागायचा.

केदार जवळ आला आणि वाकून नमस्कार केल्यासारखं करत म्हणाला, "काका, राग मानू नका. काकूंचं पथक आहे, मला माहीत आहे. पण तुमच्यानंतर दोऱ्या कोण बांधणार?"

"मी अजून आहे," विष्णू म्हणाला.

"हो, ते आहेच."

अकरा वाजता ओळी लागल्या. दोरीचे ढोल मुद्दाम पुढे, म्हणजे आवाज कळेल. चैत्रालीनं ताशा गळ्यात घातला. ताशावर काडी पडली, ढोल उठले. रिकाम्या दुकानाच्या भिंतीवरून आवाज उलटून येत होता. पहिली दोन आवर्तनं बरी गेली. निनादवाले शेवट लवकर करत होते, सरोवरवाले एक घाव जास्त मारत होते, त्यावर दोन्हीकडून ओरडाओरड झाली. विष्णू ओळीच्या मागून इकडून तिकडे चालत होता. त्याला बसवत नव्हतं.

तिसऱ्या आवर्तनाला अनयाचा ढोल फाटला.

कागद फाडावा तसा कोरडा आवाज आला. चामड्याचं पान कडेपासून मधोमध चिरलं. अनया सतरा वर्षांची, ईडन प्रेरीचीच. ती हातातल्या टिपराकडे बघत उभी राहिली.

"काही नाही, होतं असं," चैत्राली म्हणाली. "दुसरा घे."

पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांत सरोवरच्याच यशचा ढोल गेला. त्यानंतर अनयानं घेतलेला दुसराही गेला. वाजवणं आपोआप थांबलं. लोक ढोल कमरेलाच ठेवून उभे राहिले, जणू आपला पुढचा असेल.

"म्हणून म्हणत होतो," केदार म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "या हवेत दोरी आणि चामडं चालत नाही."

"हवेचा काय संबंध? पानं जुनी होती," चैत्राली म्हणाली. "पुण्याहून नवीन मागवू. दोन आठवड्यांत येतील. काका महिनाभरात सगळे बांधून देतील. हो ना, काका?"

विष्णू फाटलेल्या पानाची कड बोटांनी चाचपत होता.

"जुनी पानं अशी फाटत नाहीत," निनादचा एक जण म्हणाला. "कडेवर मारलं असणार. एकाच मुलीचे दोन फाटले."

"आय डोंट नो," अनया म्हणाली. "मे बी मी खूप जोरात मारलं. सॉरी, इट्स ऑन मी." तिनं कमरेचा पट्टा सोडला. "मी जूनमध्ये नाही वाजवत. इट्स फाइन. मी झेंडा वगैरे धरीन."

"अगं, तसं नाही कुणी म्हणत," चैत्राली म्हणाली. पण तिनं थांबवलंही नाही. केदारनं खांदे उडवले. पोरीचा हात भारी आहे, असं ठरलं की प्रश्न मिटत होता. नवीन पानं आली असती, दोरीचे ढोल राहिले असते.

विष्णूला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. तो उठला, चार पावलं चालला, परत आला.

"तिचा काही दोष नाही," तो म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं.

"तिनं काही केलेलं नाही. ढोल मी मारले."

"म्हणजे?" केदारनं विचारलं.

"वाजवून झालं की दोऱ्या सैल करायच्या असतात. पान ताणून ठेवलं तर ते दमतं. रत्ना घरी जाऊ द्यायची नाही कुणाला, बाराच्या बारा सैल केल्याशिवाय. यशला विचार. अंगावर जाकीट घालून उभे असायचे सगळे." त्यानं जवळच्या ढोलाची दोरी धरली. "ती गेल्यापासून मी एकदाही सैल केले नाहीत. तुम्ही लोक शनिवारी यायचात, वाजवायचात आणि म्हणायचात, काका, आम्ही सैल करून जातो. मी म्हणायचो, राहू द्या, मी करीन."

"मग?"

"मग नाही करायचो. उलट ओढायचो. रोज. सकाळी उठलं की गॅरेजमध्ये जायचं, एखादी गाठ ओढायची. ऑफिसातून आलं की परत. हिवाळाभर हीटर लावला होता तिथं. पानं वाळून कडक झाली असणार. मला बोटांना कळत होतं."

यश खाली बघत होता. चैत्राली हळूच म्हणाली, "काका, कशासाठी?"

"हाताला काहीतरी पाहिजे होतं," विष्णू म्हणाला. "आणि सैल केलेला ढोल बोलत नाही. येता-जाता टिचकी मारली तर घरात काहीतरी वाजायला पाहिजे होतं."

पलीकडे हायवेवरून ट्रक जात राहिले. निनादचा जो माणूस अनयावर घसरला होता, तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "सॉरी गं." ती म्हणाली, "नो, इट्स ओके." मग ती विष्णूपाशी आली. तिनं खिशातून हातमोजे काढले आणि त्याच्या हातात दिले. ते त्याला लहान होत होते. त्यानं ते हातातच धरून ठेवले.

केदारनं कॉफीचा गार झालेला घोट घेतला. "काका, बाकीचे नऊ वाचतील?"

"आता सैल केले तर काही वाचतील. सगळे नाही."

"मग एक बोलू? आमच्याकडे डी मॉइनला सामान ठेवायला भाड्याचं युनिट आहे. उन्हाळा-हिवाळा एकच तापमान. ढोल तिकडे येऊ द्या."

चैत्रालीनं तोंड उघडलं. विष्णूनं हात वर केला. हातमोजे अजून त्याच हातात होते.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे ठेवायला नको आहेत."

"जूनला दोरीचे नाही चालणार, काका. कमी पडतील ते आम्ही शिकागोहून मागवतो."

"चालेल."

बारा वाजता पुन्हा ओळी लागल्या. या वेळी सोळा नट-बोल्टचेच ढोल. आठ मिनिटं एकानं, आठ मिनिटं दुसऱ्यानं, असं आलटून पालटून. अनयाला केदारनं स्वतःचा ढोल बांधून दिला. शेवटाचं भांडण मिटवायला चैत्रालीनं सांगितलं की तो जास्तीचा एक घाव सगळेच मारतील. केदार म्हणाला, "बघा, पहिल्याच दिवशी सासरचं ऐकावं लागतंय," आणि मारायला लागला.

विष्णू व्हॅनच्या दारात बसला होता. त्याला चूक ऐकायची होती. डावीकडचा कुणी मागे पडेल, मागची ओळ घाई करेल, याची तो वाट बघत होता. तसं झालं नाही. पाचव्या आवर्तनाला सोळाच्या सोळा ढोल एका अंगानं वाजत होते. घाव एकदमच पडत होते. रत्ना असताना चाळीस जण वाजवायचे तेव्हाही असं एकजीव कधी झालं नव्हतं, आणि हे त्याला पटकन कळलं, कारण ते सगळे सराव त्यानं ओळीच्या मागे उभं राहून ऐकले होते. ती असती तर नाचली असती. तो मान खाली घालून बूट बघत बसला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

साडेतीनला आवराआवर झाली. गाड्या एकेक करून निघू लागल्या. केदार ट्रेलरकडून आला आणि डांबरावर मांडी घालून विष्णूसमोर बसला. थंडीनं त्याचं नाक लाल झालं होतं.

"शिकवा," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर मला करता यायला पाहिजे."

"पँट खराब होईल."

"होऊ दे, काका. बायको तशीही ओरडतेच."

विष्णूनं एक ढोल आडवा पाडला आणि गुडघ्यांत धरला. "एकदम सोडायची नाही. समोरासमोरच्या दोन, मग शेजारच्या दोन. नाहीतर पान एका बाजूला ओढलं जातं." गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. पहिली सोडवताना त्याचं नख मोडलं. दुसऱ्या ढोलाची केदारनं सोडवली, जराशी घाई केली, आणि विष्णूनं त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवलं. ऊन उतरत होतं. चैत्राली व्हॅनमध्ये हीटर लावून बसली होती आणि तिनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

नववा ढोल झाल्यावर केदारनं सहज त्याच्या पानावर बोट वाजवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजावं तसं फटक्क झालं, आणि विरलं. त्यानं चपापून वर बघितलं.

"काका, हा पण गेला का?"

विष्णूनं ढोल स्वतःकडे ओढून पानाला कान लावला. मग त्यानं तो उचलून केदारच्या हातात दिला.

"नाही," तो म्हणाला. "चांगला आहे. असाच ठेवायचा."