खालची वीतभर जागा

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगायला उभ्या राहिलेल्या वस्तूने नम्र असावे, थोडे खंतावलेले असावे आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावे, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. छत्र्या आणि सायकली ते काम उत्तम करतात. मला ते जमणार नाही. माझ्या अंगावर छत्तीस वर्षे बातम्या लिहिल्या आणि पुसल्या गेल्या. पुसल्या गेलेल्या बातम्यांची भुकटी माझ्या चौकटीच्या कडांत अजून साचलेली आहे. तिच्यात पाणी नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या मरणातून झाला. तिथे शिशाची सुटी अक्षरे, म्हणजे खिळे, लाकडी खणांत ठेवलेली असत आणि एक माणूस ती एकेक उचलून ओळी जुळवीत असे. आयुष्यभर खिळे जुळवल्यामुळे सगळी वस्ती त्याला खिळेकाका म्हणे. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने शिसे विकले आणि खण जाळायला काढले. खिळेकाकांनी ते उचलून सुताराकडे नेले. सुताराने फळ्या सोडवल्या, रंधा मारला, एकमेकींत बसवल्या आणि सहा फूट लांब, चार फूट उंच असा मी तयार झालो. मला काजळी आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. औषधांच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर मला ठोकायचे ठरले. रस्त्यापलीकडे प्रसूतिगृह होते.

"जरा वर ठोकू का? लांबून दिसेल," सुतार म्हणाला.

"लांबून बघायला तो काय सिनेमाचा बोर्ड आहे?" खिळेकाका म्हणाले. "त्या समोरच्या आयाबाईला बोलाव. तिचा हात सहज पोचेल तिथं खालची कड धर."

आयाबाई ठेंगण्या होत्या. त्या हात पुसत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझी उंची ठरली. मग खिळेकाकांनी माझ्या तळापासून एक वीत मोजून पांढऱ्या तेलरंगाची एक आडवी रेघ ओढली. ती रेघ पुसली जात नसे. रेघेच्या वर ते रोज सकाळी बातम्या लिहीत. रेघेखाली, त्या बातमीबाबत वाचणाऱ्याला काय करता येईल, कुठे आणि कधीपर्यंत, तेवढे लिहीत. उरलेली जागा वाचणाऱ्यांची. सुतळीला एक खडू बांधलेला असे. कोणीही प्रश्न लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर दिल्याशिवाय खिळेकाका नवी बातमी लिहीत नसत.

"रेघेवरचं वाचायचं, रेघेखालचं करायचं," एवढेच ते सांगत.

आणि लोक करीत. मुलींच्या शाळेची दुपारची पाळी बंद व्हायची होती, तेव्हा रेघेखाली लिहिले गेले: हरकत लेखी, सहीनिशी. कार्यालय, खिडकी तीन. शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी चौऱ्याण्णव अर्ज गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "तुम्ही सगळे एकाच घरातले का हो? मजकूर एकच दिसतोय." शिवणकाम करणाऱ्या मावशी रांगेत पहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मजकूर एक आहे, सह्या वेगळ्या आहेत. मोजा." त्याने मोजल्या. पाळी सुरू राहिली.

आता जुन्या वस्तूंची एक खोड सांगतो. आपल्या काळात सगळे सोज्वळ होते असे त्या सांगतात. मी तसे सांगणार नाही, कारण मी धुतल्या तांदळासारखा नव्हतो. एकदा रेघेखाली कोणीतरी प्रश्न लिहिला: औषधवाले जुन्या बाटल्यांवर नवी चिठ्ठी लावून विकतात का? दुसऱ्या दिवशी सकाळी खिळेकाका ओले फडके घेऊन आले, त्यांनी मान खाली घातली आणि उत्तर न लिहिताच तो प्रश्न पुसला. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत शिकत होती. दप्तर पाठीला लावून ती बघत होती.

"बाबा, उत्तर?"

"भिंत त्यांची आहे," खिळेकाका म्हणाले.

"आणि रेघ?"

त्यांनी फडके पिळले आणि ते घरी निघून गेले. मौन हाही एक मजकूर असतो, आणि तो मी पुढची दोन वर्षे त्या भिंतीवर ठळक अक्षरांत मिरवला. प्रत्येक माध्यमाला एक भिंत लागते आणि प्रत्येक भिंतीला मालक असतो. हे ज्याने विसरावे त्याने स्वतःला जाणता नागरिक म्हणवून घेऊ नये.

मग विमावाले भाऊ आले. ते विमा उतरवण्याचे काम करीत आणि वस्तीतल्या प्रत्येकाचा जन्मदिनांक त्यांना पाठ होता. माणूस सज्जन. पुढचा अनर्थ सज्जनपणानेच झाला, म्हणून आधी नोंदवून ठेवतो. त्यांनी सगळ्या वस्तीचा फोनवर एक ग्रुप केला. नाव ठेवले 'आपली वस्ती, आपला आवाज'. रोज सकाळी सात वाजता ते स्कूटरवरून येत, खाली न उतरता फोन उंचावत, माझा फोटो काढत आणि ग्रुपवर टाकत.

"काका, तुमचा फळा आता घराघरांत गेला. लोकांना चप्पलसुद्धा घालायला नको."

खिळेकाका खूश झाले. त्यांचे गुडघे दुखत, आणि घरबसल्या जग जागे होणार असेल तर कोणाला नको आहे? माझ्यासमोर रोज चाळीस माणसे उभी राहत. ती वीस झाली, मग सहा. चाळीस माणसे एका फळ्यासमोर उभी असतात तेव्हा ती फळाच वाचतात असे नाही. ती एकमेकांचे चेहरे वाचतात, कोण चिडला, कोण गप्प बसला, कोणाला सोबत घेऊन खिडकीशी जाता येईल, हे ठरवतात. ग्रुपवर चेहरे भरपूर होते. पिवळे आणि गोल. सकाळी फुले येत, दुपारी सल्ले, संध्याकाळी कुठल्यातरी दूरच्या भांडणावरचा संताप, ज्याची तक्रार घ्यायला पृथ्वीवर कुठेही खिडकी नाही. माणसाला दिवसाकाठी थोडाच राग येतो. तो रोज संध्याकाळी असा उधळून टाकला की दुसरा दिवस फार शांततेत जातो. ही सोय कोणाच्या फायद्याची आहे, यावर विचार करायला मला भिंतीवर भरपूर वेळ मिळाला.

आणि फोटोत माझी खालची वीत येत नसे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून भाऊ स्कूटर अगदी जवळ आणत, आणि रेघेच्या वरच फोटो संपे.

खिळेकाकांची मुलगी एव्हाना समोरच्या प्रसूतिगृहात परिचारिका झाली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने एकदा टोकले, "भाऊ, खालचं कापलं जातंय."

"अहो सिस्टर, खाली गिचमीड असते नुसती. कोण वाचतं ते?"

एका सोमवारी खिळेकाकांनी आपल्या सर्वांत रेखीव अक्षरात लिहिले: प्रसूतिगृह बंद होणार. त्या जागी बहुमजली वाहनतळ. रेघेखाली लिहिले: हरकत लेखी, सहीनिशी. कार्यालय, खिडकी तीन. तीस दिवस.

भाऊ आले. स्कूटरवरूनच वाचले. त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. त्यांची दोन्ही मुले त्याच इमारतीत जन्मली होती. त्यांनी फोटो काढला आणि खाली लिहिले की ज्यांचा विरोध असेल त्यांनी ताबडतोब अंगठा दाखवावा.

सिस्टर नोकरीत असल्याने तिला सहीनिशी हरकत घेण्याची परवानगी नव्हती. तिने भाऊंना गाठले. "खालची ओळ टाका ना ग्रुपवर. अर्ज द्यायचेत."

"टाकतो की, लगेच टाकतो." आणि तिने फोनवर पाठवलेली ती ओळ त्यांनी न वाचताच, पण खरोखरच टाकली. पण त्या दिवशी वस्तीच्या लोकप्रतिनिधींचा वाढदिवस होता. त्या एका ओळीवर एकशे चाळीस पुष्पगुच्छ येऊन पडले. ती कोणी पुसली नाही. माझ्यावरचा प्रश्न पुसायला निदान ओले फडके लागले होते आणि पुसणाऱ्याला मान खाली घालावी लागली होती. इथे कोणालाच मान खाली घालावी लागली नाही.

तीस दिवस संपले. सुनावणी प्रसूतिगृहाच्या ओसरीवरच होती, माझ्या अगदी समोर. शिपायाने चाळीस खुर्च्या मांडल्या. साहेब आले, टेबलाशी बसले, घड्याळ काढून ठेवले. खिळेकाका काठी टेकत आले. शिवणाच्या मावशी आल्या. सिस्टर गणवेशात दाराशी उभी राहिली. भाऊ मात्र वरातीला निघाल्यासारखे आले.

"काका, काळजी करू नका. सहाशे अकरा!"

"सहाशे अकरा अर्ज?" खिळेकाका खुर्चीतून अर्धवट उठले.

"अर्ज नव्हे हो. अंगठे."

खिळेकाका पुन्हा बसले. रेघेखालचा खडू हातात देऊन ज्या माणसाने वस्तीतल्या कितीतरी बायकांना अंगठा सोडून सही करायला शिकवले, त्याला ते उत्तर कुठे लागले असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

भाऊंनी साहेबांसमोर फोन धरला. साहेबांनी चष्मा लावून नीट पाहिले. ते उद्धट नव्हते, हेही नोंदवतो.

"हे फायलीला कुठं लावू?" त्यांनी विचारले.

"पण साहेब, लोकांचा विरोध आहे. सहाशे अकरा लोकांचा!"

"असेल ना. माझ्याकडे दोन कागद आले आहेत. एक या काकांचा, एक या बाईंचा." त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितले, "लिहा. हरकती दोन. नागरिकांना या विषयात फारसे स्वारस्य दिसून आले नाही."

सात मिनिटांत सगळे उरकले. शिपाई अडतीस कोऱ्या खुर्च्या पुन्हा एकात एक रचू लागला.

भाऊ रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यासमोर पायांवर उभे होते. त्यांची नजर वरून खाली आली आणि रेघेखाली थांबली. तीस दिवसांपूर्वीची ओळ तिथे अजून होती. खिळेकाकांनी ती मुद्दाम पुसली नव्हती.

"हे... इथं होतं?" ते म्हणाले.

मागून काठी टेकत आलेले खिळेकाका म्हणाले, "आधीपासून."

मित्रांनो, माझ्या रागाचा हिशेब असा आहे की त्याला आरोपी सापडत नाही. साहेबांनी जेवढे कागद आले तेवढेच मोजले. भाऊंचा विरोध मनापासूनचा होता. सहाशे अकरा माणसांनी जे वाटले तेच दाखवले, आणि लोकप्रतिनिधींचा वाढदिवस खरोखरच त्या दिवशी होता. एकही खोटा शब्द न बोलता एक प्रसूतिगृह बंद करता येते, ही विद्या माझ्या काळात कोणाला अवगत नव्हती. आम्हाला निदान खोटे बोलावे लागे.

पुढच्या महिन्यात समोर कुलूप लागले. एका दुपारी एक बाई पिशवी घेऊन आली, कुलूप पाहून पायरीवर बसली आणि तिला तिथेच कळा सुरू झाल्या. तिला बातमी पोहोचली नव्हती. सिस्टर दुसरीकडे बदलीवर गेली होती. शिवणाच्या मावशींनी रिक्षा बोलावली आणि अकरा किलोमीटर तिचे डोके मांडीवर घेऊन गेल्या. मूल वाचले. म्हणून ती बातमी झाली नाही.

पाच आठवड्यांपूर्वी माझ्यावर फ्लेक्स लागला. वाहनतळ मंजूर करून आणल्याबद्दल लोकप्रतिनिधींचे आभार, त्यांचा हसरा फोटो, भोवती बारा छोटे फोटो. औषधवाल्यांनी परवानगी दिली. फ्लेक्स मापाने थोडा आखूड निघाला. माझा सगळा वरचा भाग झाकला गेला आणि खालची वीत तेवढी उघडी राहिली.

सिस्टर सकाळी कामावर जाण्याआधी आली. खिळेकाकांचा हात आता खडू धरत नाही. ते काठीवर हनुवटी टेकवून बाजूला उभे होते. तिने फ्लेक्सची कड उचलून पाहिली.

"असू दे, भिंत त्यांची आहे," खिळेकाका म्हणाले.

"असू दे की. रेघ आपली आहे." तिने सुतळीचा खडू हातात घेतला आणि लिहिले: अपील लेखी, सहीनिशी. कार्यालय, खिडकी तीन. पंचेचाळीस दिवस. शेजारी तिने आलेल्या अर्जांचा आकडा लिहिला. तो ती रोज बदलते. पहिल्या दिवशी तीन होता. तिसरा अर्ज भाऊंचा. तो त्यांनी खिडकीत दिला आणि पोचपावती माझ्यासमोर आणून खिळेकाकांना दाखवली, लहान मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावे तशी. खिळेकाकांनी ती डोळ्यांजवळ धरून सही तपासली आणि परत दिली. कौतुक केले नाही. भाऊंनीही अपेक्षा केली नव्हती.

आज आकडा सतरा आहे आणि नऊ दिवस उरले आहेत. सतराने काही होत नाही, हे मला कळते. चौऱ्याण्णवने झाले होते, हे मला आठवते.

मला जपा, मला नवा रंग द्या, माझी धूळ पुसा, अशी विनंती मी करणार नाही. मी लाकूड आहे, कुजेन. फोटो काढू नका असेही म्हणणार नाही. खुशाल काढा, शंभर जणांना पाठवा. फक्त स्कूटरवरून उतरा आणि एक पाऊल मागे सरका, म्हणजे खालची वीत फोटोत येईल. मग दोन पावले पुढे या. खिडकी तीन साडेपाचला बंद होते. खडू सुतळीला बांधलेला आहे.