तिसरीच्या वर्गातला सूड

शाळा सुटल्यावर आपल्या वर्गातल्या चैत्रालीला न्यायला आलेल्या तिच्या आजीला मंगलनं फाटकापाशी पाहिलं आणि तिथंच ओळखलं. सौदामिनीबाई! वीस वर्षं उलटली होती, केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ.

मंगल मूळची डोंगरातल्या पासली गावची. तिथल्या शाळेत सौदामिनीबाई भोरहून बदलून आल्या होत्या. इंग्रजीची कोरी पुस्तकं आली की त्या कपाटात कुलूपबंद करायच्या आणि फळ्यावर अक्षरं काढून द्यायच्या. गिरवा. चौथीत मंगलनं एकदा धीर करून पुस्तक मागितलं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "डोंगरातल्या पोरांची जीभ इंग्रजीला वळत नसते. आधी अक्षर सुधार."

अक्षर मोत्यासारखं झालं, पाठांतरावर दहावीही निघाली. पण भोरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी उतारा वाचायला उभं केलं, तेव्हा तिला चार शब्द जोडता आले नाहीत. वर्ग हसला. ते हसणं मंगल कधी विसरली नाही. साबणाच्या वेष्टनांवरून, औषधाच्या खोक्यांवरून ती एकटीच वाचायला शिकली, आणि भोरातच शिक्षिका झाली. तिच्या तिसरीत मुलं पहिल्या दिवसापासून इंग्रजी गोष्टींची पुस्तकं हाताळायची, चुकतमाकत वाचायची.

फाटकापाशी बाई दिसल्या, त्या दिवसापासून एकटी चैत्राली सोडून.

"अक्षर सुधारल्याशिवाय पुस्तक नाही," मंगलनं तिला बजावलं. बाकीची मुलं गोल करून गोष्ट वाचायची, चैत्राली खिडकीखाली चाररेघी वहीत गिरवत बसायची. पोर गुणी, कधी कुरकुरली नाही. कधीकधी मंगललाच तिच्याकडं बघवायचं नाही. मग ती कॉलेजातलं हसू आठवायची आणि मन घट्ट करायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा सुटल्यावर चैत्रालीला घेऊन सौदामिनीबाई वर्गात आल्याच.

"मॅडम, आमची चैत्राली अजून वाचत कशी नाही?"

"ओळखलंत का बाई? मी पासलीची. रखमाजींची मंगल." आणि मंगलनं त्यांचं ते वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं.

बाई बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मलाच वाचता येत नव्हतं गं. वरून हुकूम आला, पहिलीपासून इंग्रजी शिकवा. तुम्ही एखादा शब्द विचाराल, याचीच धास्ती. गिरवायला लावलं की वर्ग गप्प."

मंगलच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत शाळेत कधी न बोललेली बोली तोंडात आली. "आवं बाई, म्हंजी जीभ तुमची वळत न्हवती, आन् खापर आमच्या डोस्क्यावर?" तिनं गोष्टीचं पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं. "वाचा! नातीसमोर वाचा."

बाईंनी चष्मा सावरला, ओळीवर बोट ठेवलं. एक शब्द झाला. दुसरा अडला. मंगलला हेच बघायचं होतं. काळजाला गार वाटलं.

चैत्राली जवळ आली. "मॅडम," तिनं हळूच विचारलं, "आजीचंपण अक्षर खराब आहे का?"

मंगलनं बाईंच्या बोटाखालून पुस्तक काढून घेतलं.

सौदामिनीबाईंची माफी तिनं मागितली नाही, पुढंही मागणार नाही. सुट्टीनंतर मात्र तिनं चैत्रालीला शेजारी बसवून पुस्तक उघडलं. पोरीनं पानाकडं पाहिलं, "चुकलं तर?" म्हणाली आणि ओठ मिटून घेतले. तिच्या तोंडून पहिली ओळ निघायला फेब्रुवारी उजाडला.