वहीत नसलेला मंगळू

सोमवारी सकाळी ज्योत्स्नाने नेहमीप्रमाणे पर्यावरण विभागाचं कपाट उघडलं आणि नोंदवह्या तारीखवार लावायला घेतल्या. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या या क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात ती पाच वर्षं हेच करत होती. पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाल्यापासून विजेचा वापर घटला, कागद वाचला, तीन रंगांच्या कचरापेट्या आल्या. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मात्र तपासणीच्या आठवड्यातच चालायचं. एरवी पिवळं पाणी थेट मागच्या नाल्यात जाई.

यंदाच्या तपासणीसाठी आठ दिवसांपूर्वी त्या यंत्राची टाकी घाईघाईने साफ करवली होती. पेठकडचा कंत्राटी मजूर मंगळू आत उतरला आणि वायूने गुदमरून मेला. ठेकेदाराने प्रेत गुपचूप गावी पोचवलं. कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "आपल्या हजेरीपटावर तो नाही. अपघात शून्य लिहा."

ज्योत्स्नाने शून्य लिहिलं. तिला रडूही आलं नाही. घरी जाऊन तिने भाकऱ्या थापल्या, जेवली, भांडी घासली.

आज ती कामावर येताना फाटकाशी मंगळूची बायको अक्काबाई उभी होती.

"ताई, तुमच्या वहीत माझ्या मानसाचं नाव हाय का?"

"नाही."

"मंग तो कुठं मेला म्हनू?"

ज्योत्स्ना आत गेली.

अकराला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आले. वही चाळत म्हणाले, "वर्षभरात अपघात शून्य. छान."

"एक," ज्योत्स्ना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "टाकीत माणूस मेला. हे शून्य मी लिहिलंय. खोटं आहे."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, कामगारांची सुरक्षा वेगळ्या प्रमाणपत्रात येते. हे पर्यावरणाचं आहे."

"मग नाल्यावर चला."

"नाला कारखान्याच्या हद्दीबाहेर आहे."

"पाणी आपलंच आहे ना?"

कुणी उठलं नाही. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

बाहेर अक्काबाई अजून बसून होती. ज्योत्स्ना तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि कामगार खात्याकडे तक्रार लिहू लागली. मंगळूच्या वडिलांचं नाव, आडनाव अक्काबाईला विचारून घ्यावं लागलं. पाच वर्षं ती त्याला रोज पाहत होती.

"यानं काय व्हईल, ताई?"

"माहीत नाही. साक्षीदार म्हणून माझं नाव लिहिलंय."

प्रमाणपत्र त्याच महिन्यात तीन वर्षांसाठी वाढवून मिळालं. तक्रारीची चौकशी अजून व्हायची आहे. आठवड्यातून एकदा दोघी सरकारी कचेरीच्या बाकावर जाऊन बसतात. आत बोलावणं येत नाही. त्याही उठत नाहीत.